उलटा सालोमालो

दिवाळीच्या सुमारास अकलूजला घोडेबाजार भरतो. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश अशा लांबलांबच्या मुलखातून ट्रक भरून घोडे येतात. मारवाडी, काठेवाडी, वरातीत नवरदेवापेक्षा भाव खाऊन जाणारे पांढरेशुभ्र नुकरा. मालक घोड्याची वंशावळ सांगायला लागला की पेशवाईतल्या सरदारानं मान खाली घालावी. गिऱ्हाईक सगळं ऐकून घेतं, चहा घेतं, मान डोलावतं आणि मग पुढं होऊन घोड्याचा ओठ वर करतं. दुधाचे दात पडून पाचव्या वर्षाच्या आसपास घोड्याचं तोंड भरतं. पुढं दातांवरचे खळगे झिजत जातात आणि त्यावरून वय ताडता येतं. म्हाताऱ्या घोड्याचे दात कोरून त्याला तरुण करणारे लबाड व्यापारी जगात सगळीकडं होऊन गेलेत, म्हणून जाणकार दातांवर थांबत नाही. पाय उचलून बघतो, चार पावलं पळवून बघतो. घोडा आवडला तरी बघतो. मालक पाहुण्यातला निघाला तर जरा जास्तच बघतो.

आता याच गावातली एक संशोधक डोळ्यांपुढं आणावी. ती काल्पनिक आहे, पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही स्टाफरूममध्ये तिला ओळखणारी चार माणसं निघतील. तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे तास असतो तेव्हा पगार असतो आणि तास नसतो तेव्हा तत्त्व असतं. सोलापूरच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठात पीएच.डी.ला नाव नोंदवलंय. विषय : ‘अकलूजची लावणी स्पर्धा : एक चिकित्सक अभ्यास’. (लग्नपत्रिकेत नवरदेवाला ‘चि.’ लागतं तसं मराठी प्रबंधाला ‘एक चिकित्सक अभ्यास’ लागतं. त्याशिवाय मुहूर्त निघत नाही.) विषय मात्र खणखणीत आहे. नव्वदच्या दशकात सुरू झालेल्या या स्पर्धेनं थिएटरातली लावणी मोठ्या मांडवात आणली, आणि ती पाहिलेली, नाचलेली, वाजवलेली माणसं अजून आसपास आहेत. जाऊन विचारायचं तेवढं बाकी.

पण आधी संदर्भसूची पाहिजे. रात्री अकरा वाजता, पोरगं झोपल्यावर आणि सकाळच्या मटकीला पाणी घातल्यावर, मॅडमनी मोबाइलवरच्या एआयला विचारलं : लावणीवरचे मराठी संदर्भग्रंथ सांग. आठ सेकंदांत चौदा पुस्तकं आली. पहिलं म. वा. धोंडांचं ‘मऱ्हाटी लावणी’. ते खरं. स्थळं सुचवणारा मध्यस्थही पहिलं स्थळ खरंच सांगतो. पुढची तेरा पुस्तकं मात्र अशी, की लेखकाचं आडनाव ओळखीचं, प्रकाशन सदाशिव पेठेतलं, साल पटण्याजोगं, पान १४७ ते १५२. नावात ‘परंपरा आणि प्रवाह’. मॅडमना भरून आलं. पुण्याला न जाता, ग्रंथालयाची अनामत न भरता, दुपारी ग्रंथपाल जेवायला गेलेत म्हणून बाकावर न बसता संदर्भसूची तयार.

मार्गदर्शक सरांनी ती वरून खाली पाहिली आणि म्हणाले, “भरगच्च आहे.” मराठी संशोधनात याहून मोठी शाबासकी नाही.

पुढं कधीतरी मॅडम खरोखरच पुण्याला गेल्या आणि ग्रंथपालापुढं ती यादी ठेवली. त्यानं संगणकात पाहिलं, मग जुन्या कार्डांच्या खणांत पाहिलं, मग चष्मा काढून मॅडमकडं पाहिलं. “हे पुस्तक तुम्ही कुठं वाचलंत?” मॅडमनी बाहेर व्हरांड्यात येऊन एआयला जाब विचारला. एआयनं ताबडतोब माफी मागितली, गैरसोयीबद्दल खेद व्यक्त केला आणि नवीन पाच पुस्तकं दिली. त्यांतही ‘परंपरा आणि प्रवाह’ होतंच.

यात एआयच्या मनात कपट नसतं, कारण कपटाला मन लागतं. मॅडमना वाटत होतं, ते कुठल्या तरी अफाट कपाटापुढं उभं राहून एकेक पुस्तक काढून सांगतंय. ते कपाटापाशी गेलेलंच नसतं. कोट्यवधी पानं वाचून कोणत्या शब्दामागं कोणता शब्द येतो याचा त्याला दांडगा अंदाज आलेला असतो. ‘लावणी’मागं ‘परंपरा’, ‘परंपरा’मागं ‘प्रवाह’, लेखकामागं प्रकाशन, प्रकाशनामागं साल. त्यातून संदर्भासारखी दिसणारी ओळ तयार होते. दिसणं आणि असणं यांतला फरक बघणं हे त्याचं काम नाही. त्यात इंग्रजीच्या मानानं इंटरनेटवरचा मराठी मजकूर चिमूटभर, आणि लावणीवरचा गंभीर मजकूर त्या चिमटीतून गळालेला. जिथं वाचायला कमी, तिथं रचायला वाव जास्त. काही एआय हल्ली इंटरनेट धुंडाळून दुवेही देतात. पण दुवा उघडावा लागतो, आणि उघडल्यावर तिथं जे लिहिलंय तेच एआयनं सांगितलंय का हेही बघावं लागतं.

आषाढात तुकोबांची पालखी सराटीला नीरेत पादुकांचं स्नान उरकून अकलूजला येते आणि इथं गोल रिंगण होतं. त्या तुकोबांच्या गोष्टीत सालोमालो नावाचं एक पात्र आहे. तुकोबांचे अभंग उचलायचे आणि खाली आपलं नाव घालायचं, हा त्याचा उद्योग. प्रभातच्या १९३६च्या ‘संत तुकाराम’ चित्रपटानं त्याला घरोघर पोचवलं. वाङ्मयचौर्य हा जडजंबाल शब्द मराठी माणसाला अडला तर सालोमालो म्हणावं, लगेच कळतं. विद्यापीठांची सगळी तटबंदी या सालोमालोविरुद्ध उभी आहे. एआय हा उलटा सालोमालो. तो दुसऱ्याचं आपल्या नावावर खपवत नाही, आपलं दुसऱ्याच्या नावावर खपवतो. तसं गाथेतही कुणाकुणाच्या रचना ‘तुका म्हणे’ची मुद्रा लावून घुसल्या असल्याचं अभ्यासक सांगतात, म्हणजे ही विद्याही आपल्याकडं नवी नाही. वेग तेवढा नवा.

आणि तटबंदीला नेमकं इथंच भगदाड आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार प्रबंधातलं साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून आणा. ४० ते ६० असेल तर वर्षभर दारात उभं राहायचं नाही. ६०च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. या आकड्यांची दहशत अशी, की प्रबंध लिहून झाला का हे कुणी विचारत नाही, “किती टक्के आलं?” असं रक्तातल्या साखरेसारखं विचारतात. पण हे साम्य मोजताना काही भाग वगळायचा, असं तोच नियम सांगतो. प्रस्तावना वगळायची, ऋणनिर्देश वगळायचा आणि संदर्भसूचीही वगळायची. सालोमालोच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे, सूची सगळ्यांची सारखी असणारच. पण उलटा सालोमालो बसलेला असतो तो त्या सूचीतच. शिवाय अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकाशी कुणाचं साम्य निघणार? साम्य शून्य टक्के, रिपोर्ट हिरवा.

हे लावणीपुरतं राहिलं असतं तर फडातला पसारा फडात राहिला असता. पण ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढं प्राप्तिकराचं एक प्रकरण आलं. सुमारे ३ कोटींचं उत्पन्न दाखवणाऱ्या कंपनीचं उत्पन्न खात्यानं सुमारे २८ कोटी धरलं होतं, आणि त्याला आधार म्हणून दिलेले तीन न्यायनिवाडे शोधूनही सापडेनात, कारण ते कुणी दिलेलेच नव्हते. न्यायालयानं तो आदेश रद्द करून प्रकरण परत पाठवलं आणि सुनावलं : एआयच्या जमान्यात यंत्रानं पुढं टाकलेल्या निकालांवर विसंबण्याचा मोह होतो, पण ते तपासल्याशिवाय वापरू नयेत. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली एका वकिलानं असेच नसलेले खटले कोर्टात सादर केले होते. त्यानं बिचाऱ्यानं खातरजमाही केली होती. चॅटजीपीटीलाच विचारलं होतं, हा खटला खरा आहे ना? ते म्हणालं, खरा आहे. म्हणजे घोड्याच्या मालकालाच विचारायचं, दात कोरलेत का? कोर्टानं ५,००० डॉलरचा दंड केला.

विज्ञानाचा दरबार तरी कडक असेल म्हणावं, तर फेब्रुवारी २०२४मध्ये ‘फ्रंटियर्स’ समूहाच्या एका नियतकालिकात उंदराचं चित्र छापून आलं. एआयनं काढलेल्या त्या उंदराचा एक अवयव असा भव्य होता, की त्याच्यापुढं उंदीर ही तळटीप वाटावी. बाजूची बहुतेक नावं कुठल्याच भाषेतली नव्हती. संपादक आणि परीक्षक अशा चाळण्यांतून हे मूषकराज सुखरूप बाहेर पडले आणि तीन दिवसांत लेख मागं घेण्यात आला. गंमत म्हणजे चित्र एआयनं काढलंय हे लेखकांनी प्रामाणिकपणे कबूल केलं होतं. कबूल केलं, पण थांबवलं कुणीच नाही. पुढच्याच महिन्यात ‘एल्सविअर’च्या नियतकालिकातल्या एका शोधनिबंधाची सुरुवात लोकांच्या नजरेला आली. अर्थ असा : हो नक्की, तुमच्या विषयासाठी ही एक संभाव्य प्रस्तावना. म्हणजे मिठाईच्या खोक्यासकट मिठाई ताटात वाढलेली.

साम्याची टक्केवारी खाली आणण्यासाठी शब्द फिरवून देणाऱ्या यंत्रांची करामत तर स्वतंत्र दालनात ठेवावी अशी. २०२१ साली संगणकशास्त्रज्ञ गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधनिबंधांतले असे ‘छळलेले शब्दप्रयोग’ गोळा केले. ठरलेली शास्त्रीय संज्ञा घ्यायची आणि समानार्थी कोश उघडून तिची मान पिरगाळायची. त्यातून स्तनाच्या कर्करोगाचं झालं ‘उराचं संकट’. मूत्रपिंड निकामी होण्याचं झालं ‘मूत्रपिंडाची निराशा’. कृत्रिम बुद्धिमत्तेचं झालं ‘बनावट जाणीव’. यातलं शेवटचं मात्र चुकून बरोबर आलं असावं.

मराठी माणसाला ‘ध’चा ‘मा’ नवा नाही. नारायणराव पेशव्याला ‘धरावे’ असं लिहिलं होतं, ते आनंदीबाईंनी ‘मारावे’ केलं, ही आख्यायिका शाळेतलं पोरही सांगतं. विज्ञानातही तसाच एक ‘ध’चा ‘मा’ सापडलाय. १९५९च्या एका इंग्रजी निबंधाचं पान दोन रकान्यांत छापलेलं होतं. पुढं ते संगणकात घेताना डावीकडचा ‘वाढीच्या अवस्थेतला’ या अर्थाचा शब्द उजवीकडच्या ‘इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शना’ला जाऊन चिकटला. नंतर फारसीतून इंग्रजीत येताना काही जणांनी त्याला आणखी हातभार लावला, कारण फारसीत ‘वाढीचा’ आणि ‘स्कॅनिंग’ या शब्दांत फरक एका नुक्त्याचा. झालं, जगात नसलेलं एक सूक्ष्मदर्शन तयार झालं, शोधनिबंधांत वावरू लागलं, एआयनं ते वाचलं आणि आता तेही आत्मविश्वासानं सांगतं. आनंदीबाईंना निदान लेखणी हातात घ्यावी लागली होती.

यावर उतारा म्हणून एआय ओळखणारं एआय निघालं. चॅटजीपीटी काढणाऱ्या कंपनीनंच जानेवारी २०२३मध्ये असं एक साधन आणलं आणि अचूकता बेताची म्हणून जुलैत गुंडाळलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे ९१ निबंध त्यांपुढं ठेवले, तर सरासरी ६१ टक्के निबंध यंत्रानं लिहिलेत असा निवाडा आला. कारण साधं. परक्या भाषेत माणूस जपून लिहितो, ठरावीक शब्द वापरतो, वळणं घेत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या, व्याकरणाचं पुस्तक उशाशी घेऊन इंग्रजी शिकलेल्या माळशिरस तालुक्यातल्या पोरीचं इंग्रजी कसं असणार? तिनं रात्र जागून स्वतः लिहिलं तरी यंत्र म्हणणार, तू यंत्र आहेस. आणि शहरातल्या इंग्रजी शाळेतला पोरगा एआयला ‘जरा चुका करून लिही’ असं सांगून सुटणार.

परीक्षकही काही वेगळ्या मातीचे नसतात. तेही निबंध एआयला वाचायला देतात, असा संशय लेखकांना आला. मग जुलै २०२५मध्ये बातमी आली, की ८ देशांतल्या १४ संस्थांच्या १७ निबंधांत पांढऱ्या पानावर पांढऱ्या किंवा अगदी बारीक अक्षरांत यंत्रासाठी निरोप लिहून ठेवलेत : फक्त चांगलाच अभिप्राय द्या. माणसाला दिसत नाही, यंत्राला दिसतं. उत्तरपत्रिकेत ‘सर, पास करा, घरची परिस्थिती बेताची आहे’ असं लिहिणाऱ्या दहावीच्या पोराला आपण काय काय बोललो ते आठवतं.

मग मॅडमनी एआय वापरूच नये का? वापरावं की. लेकराला निजवून उरलेल्या दोन तासांत जिला संशोधन करायचंय, तिला ‘शुद्ध तपश्चर्या करा’ असा उपदेश ज्यांच्या घरी डबा आयता येतो त्यांनीच करावा. मराठीत लिहिलेल्या प्रकरणाचा इंग्रजी गोषवारा काढायला, वाक्यं नीट करायला, दोनशे पानांतली पुनरुक्ती शोधायला, परीक्षक काय विचारील याची तालीम करायला ते झकास आहे. फक्त त्याला काय ठाऊक नाही, ते आपल्याला ठाऊक पाहिजे.

‘फड’ हा एकच शब्द घ्या. अकलूजच्या शंकरनगरात सहकारी साखर कारखाना आहे, तिथं फड म्हणजे तोडणीला आलेला ऊस. लावणीवाल्यांत फड म्हणजे तमाशाचं बिऱ्हाड. तालमीत फड म्हणजे कुस्त्यांचं मैदान. पालखीबरोबर चालणाऱ्या वारकऱ्यांचे फड वेगळे, आणि पेशव्यांच्या दप्तराचा हुजूर फड आणखी वेगळा. मॅडमनी एका जुन्या ढोलकीवाल्याची मुलाखत ध्वनिमुद्रित करून एआयकडून उतरवून घेतली. “फड लागला की आम्ही बारा-बारा दिवस हलत नव्हतो,” असं आजोबा म्हणाले होते. इंग्रजी सारांशात आजोबा बारा दिवस ऊस तोडत होते. आजोबांनी ढोलकी सोडून आयुष्यात कोयता धरला नव्हता. मॅडम स्वतः तिथं बसल्या होत्या, आजोबांच्या बोटांवरचे घट्टे त्यांनी पाहिले होते, म्हणून हसू आलं. ज्यानं फक्त सारांश वाचला असता, त्यानं ‘लोककलावंतांचे ऊसतोडीतील योगदान’ असं नवं प्रकरण घातलं असतं.

दुसरी मुलाखत एका वयस्क लावणी कलावतीची. पहिला तास त्यांनी पुरस्कार सांगितले. चहा झाल्यावर पदर डोक्यावर सारखा केला आणि म्हणाल्या, “आता हे बाहेर नको हं, बाई.” पुढची वीस मिनिटं त्यांनी जे सांगितलं त्यात माणसांची नावं होती, पैशांचे आकडे होते आणि एका लेकराचा विषय होता. ते ध्वनिमुद्रण मॅडमच्या मोबाइलमध्ये आहे. उतरवून घ्यायचं तर एक बटण दाबायचं आणि ते आवाजासकट कुठल्या तरी परक्या संगणकावर जाणार. बाईंनी सही केलेल्या संमतिपत्रात ‘शैक्षणिक उपयोगासाठी’ एवढंच होतं. त्यात मोबाइलमधल्या या तिसऱ्या माणसाचा उल्लेख नव्हता. मॅडमनी ती वीस मिनिटं वहीत हातानं उतरवली. तीन रात्री लागल्या. पानांवर बाईंचं नाव घातलं नाही.

राहिला ऋणनिर्देश. मराठी प्रबंधातलं सर्वांत मनापासून लिहिलेलं आणि, आयोगाच्या कृपेनं, तपासणीतून सुटलेलं हे पान. त्यात गुरुतुल्य मार्गदर्शक असतात, संस्थाचालक असतात, ग्रंथपाल असतात, सासू-सासरे असतात, ‘सुबक टंकलेखन’ करून देणारा असतो आणि शेवटी ‘ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार’ असतात. हल्ली एआयची सोय या ‘अज्ञात’मध्ये होते. त्याला सहलेखक करता येत नाही. ‘नेचर’नं जानेवारी २०२३मध्येच ते दार लावलं, कारण लेखकानं लिहिल्याची जबाबदारी घ्यायची असते आणि हे व्हायवाला येऊन बसणार नाही. पण काय काय कामाला लावलं ते सांगा, असं बहुतेक नियतकालिकं म्हणतात. मॅडमनी तेरा पुस्तकं सूचीतून काढली होती; जी उरली ती हातात घेऊन पाहिलेली होती. तेव्हा हेही उघड लिहायचं ठरवलं : ‘इंग्रजी गोषवारा एआयच्या मदतीने तपासून घेतला. मजकुराची आणि त्यातील चुकांची जबाबदारी माझी.’

बायंडिंगच्या आदल्या दिवशी डीटीपीवाल्या पोराचा फोन आला. पोरगा कामाला चोख, चुकीच्या वेलांट्या न सांगता नीट करणारा.

“मॅडम, आभाराच्या पानात एक मिष्टेक होती बघा. मी केली दुरुस्त.”

“कुठली रे?”

“ते गोषवाऱ्याच्या ओळीत हो. ‘एआयच्या मदतीने’ पडलं होतं. मी ‘आईच्या मदतीने’ करून टाकलं. पाच प्रती काढल्या पण. मॅडम, आई इंग्रजीच्या का तुमच्या?”